ग्राफीन-झिंक ऑक्साइड खरंच जीवाणू मारते का? चाचणी कशी करावी आणि ती कुठे चुकते

एमएस्सीचे प्रकल्प असोत की पीएचडीची सादरीकरणे, एक छायाचित्र हमखास दिसते. पेट्री प्लेट, मधोमध काळा ठिपका, त्याभोवती स्वच्छ वर्तुळ आणि खाली ओळ : ‘संमिश्राची उत्कृष्ट जीवाणुनाशक क्रिया’. अशा प्लेट्स मी बऱ्याच जवळून पाहिल्या आहेत. ते वर्तुळ अनेकदा संमिश्रामुळे पडलेले नसते. भुकटीत राहून गेलेले आम्ल, विरघळून बाहेर आलेले झिंक किंवा भुकटी ज्यात कालवली तो द्रावक, यांपैकी कोणीतरी ते पाडलेले असते.

चूक होते ती दोन विभागांच्या मधल्या जागेत. भुकटी रसायन किंवा भौतिकशास्त्र विभागात बनते आणि छोट्या बाटलीतून सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे जाते. बनवणाऱ्याला प्लेट कशी मोजतात ते माहीत नसते, मोजणाऱ्याला भुकटीत काय उरले असेल ते माहीत नसते. म्हणून इथे दोन्ही बाजू सलग लिहिल्या आहेत. उदाहरणाला क्षपित ग्राफीन ऑक्साइड (बरेचसे ऑक्सिजनगट काढून टाकलेले ग्राफीन ऑक्साइड; ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पत्रा) आणि झिंक ऑक्साइड यांचे संमिश्र घेतले आहे. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कॉपर ऑक्साइड वापरणाऱ्यांनाही क्रम हाच ठेवता येईल.

## टप्पा १ : दावा आधी कागदावर लिहा

कामाला हात घालण्यापूर्वी एका वाक्यात लिहा, तुम्हाला नेमके काय दाखवायचे आहे. दावे साधारण तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला वेगळे कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) लागते.

पहिला दावा, ‘ही भुकटी जीवाणू मारते’. त्याला भुकटीशिवायची नळी पुरते. दुसरा, ‘संमिश्र हे दोन्ही घटकांपेक्षा सरस आहे’. इथे नुसते क्षपित ग्राफीन ऑक्साइड, नुसते झिंक ऑक्साइड आणि दोघांची साधी सरमिसळ अशी तीन कंट्रोल लागतात. सरमिसळीचे कंट्रोल जवळपास सगळेच वगळतात. ते नसेल तर संमिश्र बनवण्याचा खटाटोप कशासाठी केला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तिसरा दावा प्रकाशाचा : ‘प्रकाशात क्रिया वाढते’. त्यासाठी अंधारातली नळी हवी, आणि भुकटी न घालता फक्त दिव्याखाली ठेवलेली नळीही हवी.

सावधान : वजनाची तुलना बरोबरीची ठेवा. संमिश्रात ८० टक्के झिंक ऑक्साइड असेल तर १ मिग्रॅ संमिश्रासमोर ०.८ मिग्रॅ झिंक ऑक्साइड आणि ०.२ मिग्रॅ क्षपित ग्राफीन ऑक्साइड ठेवायचे. दोघांचे १-१ मिग्रॅ घेऊन केलेली तुलना निरर्थक आहे.

## टप्पा २ : ग्राफीन ऑक्साइड कंटाळा येईपर्यंत धुवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यायला हवा, आणि सगळ्यात कमी वेळ दिला जातो तो यालाच.

हमर्स पद्धतीत ग्राफाइटवर संहत सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांची क्रिया करतात. परमँगनेट बर्फाच्या टबात, चिमटीचिमटीने, तापमान २० अंशांखाली ठेवूनच घालायचे. घाई केली आणि तापमान ५५ अंशांच्या वर गेले तर मँगनीज हेप्टॉक्साइडचा स्फोट होऊ शकतो. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की मिश्रण पिवळे होते, आणि बहुतेकांना वाटते की काम झाले.

खरे काम इथून पुढे आहे. त्या पिवळ्या गाळात सल्फ्युरिक आम्ल, मँगनीज आणि पोटॅशियमचे क्षार असतात. यातले आम्ल एकटेही जीवाणू मारायला पुरेसे आहे. नीट धुतलेल्या ग्राफीन ऑक्साइडची क्रिया न धुतलेल्यापेक्षा खूपच कमी, कधी जवळजवळ शून्य दिसते, हे अनेक प्रयोगशाळांना अनुभवातून कळले आहे. क्रम असा ठेवा :

१. आधी साधारण ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन-तीनदा धुवा. धातूंचे आयन यात निघून जातात. थेट पाण्याने सुरुवात केली तर ते थरांमध्ये अडकून बसतात.

२. मग डिस्टिल्ड पाणी आणि सेंट्रिफ्यूज. पीएच चढत जाईल तसा गाळ फुगून जेलीसारखा होतो आणि खाली बसेनासा होतो. विद्यार्थी नेमके इथेच थांबतात. थांबू नका.

३. जेली डायलिसिसच्या नळीत भरा (हिच्या पडद्यातून आयन बाहेर जातात, पत्रे आत राहतात) आणि आठवडाभर रोज बाहेरचे पाणी बदला.

४. वाळवायचे असेल तर ५०-६० अंशांच्या वर जाऊ नका. पोटॅशियमचे क्षार उरलेले कोरडे ग्राफीन ऑक्साइड ठिणगीने भुरकन पेटते. शक्यतो वाळवूच नका, पाण्यातच ठेवा आणि १० मिलि वाळवून त्यातील घन पदार्थाचे वजन काढून ठेवा.

तपासा : बाहेरच्या पाण्याच्या एका नमुन्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला तर सल्फेट अजून निघते आहे. दुसऱ्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट टाका, गढूळ झाले तर क्लोराइड उरले आहे. दोन्ही नमुने स्वच्छ राहीपर्यंत डायलिसिस चालू ठेवा.

## टप्पा ३ : संमिश्र बनवताना प्रमाण आणि पीएच

समजा १०० मिग्रॅ ग्राफीन ऑक्साइडवर ४०० मिग्रॅ झिंक ऑक्साइड बसवायचे आहे. त्याला झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १.०८ ग्रॅम आणि सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ०.३९ ग्रॅम लागते.

१. ग्राफीन ऑक्साइड ८० मिलि पाण्यात तासभर सोनिकेट करा, म्हणजे अतिध्वनी लहरींनी मोकळे करा.

२. झिंक ॲसिटेट ३० मिलि पाण्यात विरघळवून ते थेंबाथेंबाने, ढवळत घाला. एकदम ओतले तर झिंकचे आयन पत्र्यांना एकमेकांशी बांधतात आणि डोळ्यांदेखत काळपट गठ्ठे होतात. ते पुन्हा मोकळे होत नाहीत.

३. अर्ध्या तासाने सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिलि पाण्यात विरघळवून तेही हळूहळू घाला आणि पीएच ९ ते १० ला आणा. ग्राफीन ऑक्साइडवरचे आम्लगट थोडा अल्कली खातात, म्हणून हिशोबापेक्षा किंचित जास्त लागेल. फार वर मात्र नेऊ नका. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते तसे तीव्र अल्कलीतही विरघळते.

४. २०० मिलिच्या टेफ्लॉन पात्रात भरा. मिश्रण १४० मिलि आहे, म्हणजे पात्र ७० टक्के भरते. याहून जास्त भरू नका. १६० अंशांवर १२ तास ठेवा (ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण याच उष्णतेत होते) आणि पात्र पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.

५. पाण्याने आणि मग इथेनॉलने धुवा. वरच्या पाण्याचा पीएच तुमच्या डिस्टिल्ड पाण्याएवढा येईपर्यंत धुणे सुरू ठेवा. इथे आम्ल अजिबात वापरायचे नाही, नाहीतर झिंक ऑक्साइड वाहून जाईल. मग ६० अंशांवर वाळवा.

सावधान : झिंक ऑक्साइडच्या जुन्या सवयीने हे संमिश्र उघड्या भट्टीत ५०० अंशांवर भाजू नका. हवेत कार्बन जळून जातो आणि हातात पांढरी भुकटी येते. भाजायचेच असेल तर नायट्रोजनमध्ये.

तपासा : शेवटच्या धुण्याचे पाणी फेकू नका. ते बाटलीत भरून त्यावर ‘धुवणपाणी’ लिहा, पुढे त्याचीही जीवाणूंवर चाचणी घ्यायची आहे. माझ्या एका बॅचचा झोन (प्लेटवरचे स्वच्छ वर्तुळ) छान १४ मिलिमीटर आला होता आणि धुवणपाण्याचा १३. तीन महिन्यांचे काम तिथे परत मागे गेले. सुरुवातीलाच हे पाणी तपासले असते तर एक दिवस लागला असता.

## टप्पा ४ : आपल्या हातात काय आहे ते पाहा

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) झिंक ऑक्साइडच्या रेषा ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना दिसायला हव्यात (तांब्याच्या नळीवर). १०-११ अंशांजवळची ग्राफीन ऑक्साइडची रेषा गेलेली हवी. ती शिल्लक असेल तर क्षपण अर्धवट झाले आहे. रामन वर्णपटात १३५० आणि १५८० च्या आसपासचे दोन पट्टे कार्बन असल्याचे सांगतात. त्यांच्या गुणोत्तरावर पानभर चर्चा करण्याची गरज नाही.

गरज टीजीएची, म्हणजे तापवत तापवत वजन मोजण्याची आहे. हवेत ८०० अंशांपर्यंत तापवा, कार्बन जळतो आणि झिंक ऑक्साइड उरते. उरलेले वजन म्हणजे तुमचे खरे प्रमाण. ग्राफीन ऑक्साइडचे ऑक्सिजनगट निघून गेलेले असतात, त्यामुळे हा आकडा कागदावरच्या ८० टक्क्यांपेक्षा वेगळा येईल. पहिल्या टप्प्यातली बरोबरीची वजने याच आकड्यावरून काढायची आहेत.

## टप्पा ५ : निर्जंतुक करणे आणि पाण्यात पसरवणे

भुकटी ऑटोक्लेव्ह केली (दाबाखालच्या वाफेत तापवली) की गठ्ठे होतात, पृष्ठभागही बदलू शकतो. त्याऐवजी ती ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, मग निर्जंतुक पाण्याने दोनदा धुऊन इथेनॉल पूर्ण काढा. नुसता यूव्ही दिवा पुरत नाही, कारण काळ्या भुकटीत तो वरच्या थराखाली पोचतच नाही.

पुढे निर्जंतुक पाण्यात १ मिग्रॅ प्रति मिलि असा साठा करून बर्फात ठेवून सोनिकेट करा. प्रोब वापरत असाल तर टोकाचे टायटॅनियमचे कण मिश्रणात झडतात. म्हणून कंट्रोलचे पाणीही तितकाच वेळ त्याच प्रोबखाली ठेवा. डीएमएसओ हा द्रावक टाळा. तोही जीवाणूंना त्रास देतो आणि झोनच्या श्रेयात वाटेकरी होतो.

तपासा : साठ्याचा ०.१ मिलि अगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरून रात्रभर ठेवा. कॉलनी आली तर भुकटी निर्जंतुक झालेली नाही. शिवाय नळी अर्धा तास स्टँडवर ठेवून पाहा. वर स्वच्छ पाणी आणि खाली काळा थर दिसला तर तुम्ही लिहिणार ती मात्रा जीवाणूंना मिळतच नाही.

## टप्पा ६ : जीवाणूंची संख्या ठरवून घ्या

कल्चर ‘कुठून तरी’ आणलेले चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम किंवा चंदीगडचे एमटीसीसी या जीवाणूंच्या संग्रहांतून क्रमांक असलेला वाण घ्या आणि तो क्रमांक लिहा. एक ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलाय), एक ग्रॅम-पॉझिटिव्ह (स्टॅफिलोकॉकस ऑरियस), एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. दोन्ही हाताळताना बायोसेफ्टी कॅबिनेट, हातमोजे आणि प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची सोबत हवी. हे काम रसायन विभागाच्या टेबलावर करायचे नाही.

१. रात्रभर वाढवलेले जीवाणू ०.८५ टक्के सलाइनमध्ये दोनदा धुवा. माध्यमातली प्रथिने आणि अमिनो आम्ले झिंक पकडून ठेवतात.

२. गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित गढूळपणाला जुळवा. ६२५ नॅनोमीटरवर ओडी (द्रव किती प्रकाश अडवतो त्याचे माप) ०.०८ ते ०.१३ येते आणि ई. कोलायसाठी त्यात मिलिलिटरला साधारण १५ कोटी जीवाणू असतात.

३. ते १५० पट विरळ करा, म्हणजे मिलिलिटरला १० लाख. पुढे भुकटीच्या साठ्यात समभाग मिसळल्यावर ५ लाख उरतील.

सावधान : फॉस्फेट बफर वापरू नका. फॉस्फेट झिंकला अविद्राव्य करून खाली बसवते आणि क्रिया खोटी कमी दिसते. नुसते डिस्टिल्ड पाणीही नको, त्यात जीवाणू आपोआप मरू लागतात. संमिश्रात चांदी असेल तर सलाइनमधले क्लोराइडही अडचणीचे ठरते.

## टप्पा ७ : मुख्य चाचणी, वेळेनुसार मोजणी

झोनची पद्धत इथे का नको, ते आधी सांगतो. अगारमध्ये जे विरघळते तेच पसरते. तुमची भुकटी विरघळत नाही, ती अगारमध्ये पाडलेल्या विहिरीतच (भोकातच) बसून राहते. वर्तुळ पडले तर ते बाहेर झिरपलेल्या आयनांचे किंवा आम्लाचे असते, नाही पडले तरी भुकटी निष्क्रिय ठरत नाही. अँटिबायोटिकच्या डिस्कशी मिलिमीटरची तुलना करणे तर आणखी चुकीचे, कारण दोघांचा अगारमधला प्रवासच वेगळा आहे.

ओडीनेही काम भागत नाही. काळी भुकटी स्वतःच प्रकाश अडवते. पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारे एमटीटीसारखे रंगही इथे फसवतात, कारण ग्राफीनचे पदार्थ त्या रंगाचे स्वतःच क्षपण करतात आणि मेलेले जीवाणू जिवंत दिसू लागतात. म्हणून प्लेटवर कॉलन्या मोजण्याला पर्याय नाही.

१. नळ्या लावा : जीवाणू एकटे, संमिश्र, क्षपित ग्राफीन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, सरमिसळ, धुवणपाणी. संमिश्राच्या मात्रा ६२.५, १२५, २५० आणि ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. साठा पाण्यातला असल्याने अंतिम मिश्रणात ०.८५ टक्के मीठ राहील असा हिशोब करा आणि साठ्याची मात्रा दुप्पट ठेवा.

२. सगळ्या नळ्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. झिंक ऑक्साइड अतिनील प्रकाशात सक्रिय होते आणि खिडकीतल्या उन्हातही अतिनील किरण असतात. प्रकाशाची चाचणी वेगळी लावायची. तिला ३६५ नॅनोमीटरचा दिवा वापरा. २५४ नॅनोमीटरचा दिवा एकटाच जीवाणू मारतो, मग भुकटीने काय केले ते कळत नाही.

३. ३७ अंशांवर शेकरमध्ये ठेवा. उभ्या नळीत भुकटी तळाला बसते आणि जीवाणूंना भेटत नाही.

४. ०, १, २, ४ आणि २४ तासांनी नमुना घ्या, सलाइनमध्ये दहापट क्रमाने विरळ करा, प्रत्येक पातळीचा ०.१ मिलि अगारवर पसरा. ३० ते ३०० कॉलन्यांची प्लेटच मोजायची. सुरुवातीच्या ५ लाखांसाठी हजारपट विरळ केलेल्या प्लेटवर सुमारे ५० कॉलन्या याव्यात.

तपासा (शून्य तास) : भुकटी घातल्याबरोबर घेतलेला नमुना एकट्या जीवाणूंएवढाच यायला हवा. तो तिथेच निम्मा आला, तर जीवाणू मेले नसून पत्र्यांत गुंडाळले गेले असण्याची शक्यता मोठी. ग्राफीनचे पत्रे जीवाणूंना लपेटतात, त्या गठ्ठ्याची प्लेटवर एकच कॉलनी होते. सोनिकेशनने सोडवल्यावर असे जीवाणू पुन्हा वाढलेले दिसले आहेत. म्हणून नमुना बाथ सोनिकेटरमध्ये मिनिटभर ठेवून पुन्हा मोजा आणि भुकटी नसलेल्या जीवाणूंनाही तेच करून मिनिटभराने ते मरत नाहीत याची खात्री करा.

तपासा (प्लेटवर वाहून गेलेली भुकटी) : सुमारे ५० कॉलन्या देणारे जीवाणू घ्या, त्यात सर्वांत कमी विरळ नमुन्याइतकी भुकटी मिसळून लगेच पसरा. कॉलन्या कमी आल्या तर मारण्याचे काम नळीत नव्हे, प्लेटवर होते आहे. त्या पातळीची मोजणी सोडून द्या.

तपासा (कंट्रोल) : एकट्या जीवाणूंची संख्या सलाइनमध्ये २४ तासांत अर्ध्या लॉगहून (एक लॉग म्हणजे दहापट, अर्धा म्हणजे सुमारे तीनपट) जास्त घसरली तर २४ तासांचा आकडा वापरू नका. ४ तासांवर थांबा.

## टप्पा ८ : मारते कोण, भुकटी की विरघळलेले झिंक?

हा टप्पा वगळला तर ‘संमिश्राची क्रिया’ हे शब्द वापरता येत नाहीत. जीवाणू न घालता भुकटी सलाइनमध्ये तितकाच वेळ, त्याच तापमानाला हलवा. मग १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून गाळा. साध्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून नॅनोकण निसटतात. गाळलेल्या पाण्यातले झिंक आयसीपी किंवा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या उपकरणाने मोजा आणि त्याच पाण्यात जीवाणू घालून पुन्हा मोजणी करा. झिंक नायट्रेटचे तितक्याच झिंकचे द्रावणही शेजारी ठेवा.

गाळलेल्या पाण्याने भुकटीइतकेच जीवाणू मारले, तर तुमचे संमिश्र हा झिंकचा हळूहळू सोडणारा साठा आहे. तोही खरा आणि उपयोगी निष्कर्ष आहे, फक्त तसा लिहायला हवा. मग ‘ग्राफीनच्या धारदार कडा पेशीभित्ती कापतात’ हे वाक्य प्रबंधातून काढून टाका.

## टप्पा ९ : आकडे लिहिताना

एकाच दिवशीच्या तीन प्लेट्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवर करा, आणि जमल्यास संमिश्राच्या दोन बॅचवर. सरासरी आधी काढून मग लॉग घेऊ नका. प्रत्येक मोजणीचा लॉग घ्या, मग सरासरी.

शून्य कॉलन्या आल्या तर ‘१०० टक्के’ लिहायचे नाही. विरळ न केलेला ०.१ मिलि पसरल्यावर एक कॉलनी म्हणजे मिलिलिटरला १० जीवाणू. म्हणून लिहा : ‘१० पेक्षा कमी’. पाच लाखांवरून तिथपर्यंत म्हणजे ४.७ लॉगहून जास्त घट. ‘९० टक्के मारले’ हे ऐकायला मोठे वाटते, पण ते फक्त एक लॉग आहे, ५ लाखांतले ५० हजार जिवंत आहेत. ‘जीवाणुनाशक’ हा शब्द ३ लॉग म्हणजे ९९.९ टक्के घटीपासून वापरा. त्याखाली ‘वाढ रोखते’ किंवा ‘संख्या कमी करते’ म्हणा.

संमिश्र कापडावर किंवा फरशीच्या लेपात वापरायचे असेल तर नळीतला आकडा तिथे लागू होत नाही. कापडासाठी आयएसओ २०७४३, सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागासाठी आयएसओ २२१९६ या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.

## टप्पा १० : आवरताना

जीवाणू असलेले सगळे काही १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा. त्यानंतरही भुकटीचे पाणी बेसिनमध्ये ओतू नका, जड धातूंच्या कचऱ्याच्या वेगळ्या कॅनमध्ये जमा करा. कोरडी भुकटी उघड्यावर तोलू नका, फ्यूम हूडमध्ये तोला.

चाचणीला दिलेल्या बॅचमधली निदान २०० मिग्रॅ भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून, डेसिकेटरमध्ये वेगळी ठेवा. धुवणपाण्याची बाटलीही तिच्या शेजारी ठेवा. परीक्षक नवे कंट्रोल मागतील तेव्हा ते याच बॅचवर करावे लागेल.